शेवटच्या नावाआधीचा चहा

आमच्या कर्वेनगरच्या साहित्य कट्ट्यावर किती श्रोते उरलेत हे बघायला आत डोकवावं लागत नाही, जिन्यातल्या चपला बघितल्या की पुरतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता विरंगुळा केंद्राच्या पहिल्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नसते. सहा वाजता निम्म्या चपला गेलेल्या असतात. साडेसहाला संयोजकांचे बूट, माइकवाल्याच्या स्लिपर आणि ज्यांची घरी कोणी वाट बघत नाही अशा दोघातिघांचे जोड.

कारण साधं आहे. आपलं वाचून झालं की निघायचं, ही आमची रीत. कविता संपते, कवी टाळ्या संपेपर्यंत नम्रपणे मान खाली घालून उभा राहतो, जागेवर येऊन बसतो, पुढच्या माणसाच्या पहिल्या ओळीला "वा!" म्हणतो आणि दुसऱ्या ओळीला पिशवी उचलतो. "जरा पाहुणे यायचेत." दुसऱ्या रविवारी आमच्या भागात जेवढे पाहुणे येतात तेवढे दिवाळीतही येत नसतील. आणि जाताना दारात जो कोणी भेटेल त्याला "छान झालं हं तुमचं" म्हणायचं, ऐकलेलं असो वा नसो. एकदा मला एका बाईंनी मी वाचायच्या आधीच "छान झालं" म्हटलं होतं. मी म्हटलं, "आभारी आहे, आता वाचू की नको?"

माझं बोलणं हे असं आहे. एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरला काढली. समोरच्याला एका वाक्यात परत पाठवायचं, आणि तेही आवाज न चढवता, हे मी तिथे शिकले. लोक तक्रारी करायचे, मला त्याचं काही वाटायचं नाही. उलट निवृत्त झाल्यावर वाटायला लागलं की आता हे वाक्य टाकायचं कुणावर? म्हणून मी कट्ट्यावर जायला लागले. तिथे गिऱ्हाइकांना तोटा नव्हता.

कट्ट्याची दुसरी रीत म्हणजे नवोदित शेवटी. नवोदित म्हणजे वयाने लहान असं नाही, आमच्याकडे एक्याऐंशी वर्षांचे नवोदित होऊन गेले. जो आधीपासून येतो तो आधी वाचणार, नवा माणूस सगळ्यांचं ऐकून सगळ्यांच्या मागून. आता ह्या दोन रीती शेजारी शेजारी ठेवून बघा. नवा माणूस जीव मुठीत धरून महिनाभर लिहितो, आणि वाचायला उभा राहतो तेव्हा समोर खुर्च्या. हे इतकी वर्षं चाललंय आणि ह्यात काही चुकतंय असं एकाही शहाण्याला वाटलेलं नाही. दीपप्रज्वलन मात्र चुकत नाही. प्रमुख पाहुण्यांची शाल चुकत नाही. पाहुणे बहुतेक आमच्यातलेच असतात, त्यामुळे शालही कपाटातच राहते, नुसते खांदे बदलतात. पंखा बंद ठेवायचा हेही ठरलेलं, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. मग उकडतं म्हणून दार उघडं. उघड्या दारातून माणसं जातात.

गेल्या वर्षी कट्ट्याला सर्जनशील लेखनाची कार्यशाळा घ्यायची हुक्की आली. तीन शनिवार. शिकवायला आणली एक तिशीतली मुलगी. दिवसा सॉफ्टवेअर कंपनीत असायची आणि स्वतःला मेंटॉर म्हणवून घ्यायची. पहिल्या शनिवारी तिने आम्हा बावीस जणांना एकेक लिंबू दिलं. "डोळे क्लोज करा. लिंबाला फील करा. ते तुम्हाला काय सांगतंय?" निवृत्त तहसीलदार, दोन डॉक्टर, एक माजी मुख्याध्यापिका अशी मंडळी डोळे मिटून लिंबाचं ऐकत बसली होती. मी माझं लिंबू घरी नेलं आणि सरबत केलं.

मग लिहायचं होतं बालपणावर. वाचन सुरू झालं तर सगळ्यांच्या अंगणात प्राजक्त! ज्यांचा जन्म तिसऱ्या मजल्यावर झाला त्यांच्याही अंगणात प्राजक्त. मेंटॉर प्रत्येकाला "वॉव" म्हणत होती. मी माझ्या शेजारणीला हळूच म्हटलं, "ह्या हिशोबाने पुण्यात माणसांना चालायला वाट राहिली नसती, नुसता सडा."

शेजारीण हसली नाही. तिने विचारलं, "परजक्त म्हंजी त्यो देवाला वाहत्यात त्योच का?"

ही बाई साठीची. खडकवासल्याच्या रस्त्यावरचं त्यांचं गाव आता महापालिकेत आलंय, तिथे आता गाव शोधावं लागतं. हातात जाड पाटल्या, अंगावर फुलांची सिंथेटिक साडी, शिक्षण सातवी. दिवसभर घरात बसून काय करायचं म्हणून सुनेने कार्यशाळेत नाव घातलं होतं. तिथे सगळे तिच्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलायचे, जणू तिला ऐकू कमी येतं. मीही तशीच बोलत होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या शनिवारी तिने वाचलं. शाळेच्या वहीची दोन पानं, बोट ठेवून. त्यांच्या रानातल्या विहिरीबद्दल. लग्न होऊन आली त्या वर्षी विहीर खणायला काढली होती. सातवा महिना असताना ती मातीची घमेली वाहत होती. सगळ्यांनी आशा सोडली होती आणि एका दुपारी पाणी लागलं. "पानी लागलं तवा मालक खाली उतरलं आन् रडाया लागलं. वरनं मी एकलीनं बघितलं. आजवर कुनाला सांगितलं न्हाई."

बास. एवढंच. कुठे चांदणं नाही, कुठे प्राजक्त नाही. माझ्या अंगावर काटा आला, आणि मला तो येत नाही हो सहसा.

मेंटॉर म्हणाली, "अमेझिंग! सो रॉ! पण मला सांगा, विहीर इथे कशाचं सिंबॉल आहे?"

बाई गोंधळली. वहीत बघितलं. म्हणाली, "हीर हाय ती. पानी असतंय तिच्यात."

सगळे हसले. मी हसले नाही, पण तोंड उघडून कुणाला काही सुनावलंही नाही. जिथे बोलायला हवं तिथे माझी जीभ टाळ्याला चिकटते आणि जिथे गप्प बसावं तिथे सुटते.

त्या दिवशी बसस्टॉपवर तिने मला सगळं सांगितलं. जमीन बरीचशी आधीच गेली होती, इमारती उभ्या होत्या, घरात कशाची ददात नव्हती. राहिला होता तो एक तुकडा, विहिरीचा. आता तोही बिल्डरला द्यायचं ठरलं होतं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारनंतरच्या गुरुवारी नोंदणी. विहीर बुजवून तिथे गाड्या लावायला जागा करणार. सातबाऱ्यावर तिचंही नाव होतं, म्हणजे तिचीही सही लागणार.

"मग नाही म्हणा," मी म्हटलं. काउंटरवरून सांगावं तसं.

"घरात कसं म्हनू? मी बोलाया लागले की टीव्हीचा आवाज वाढवत्यात. चाळीस वर्सं झाली, माझं एक वाक्य पुरं ऐकलेलं न्हाई त्यांनी." मग ती जरा जवळ सरकली. "पर चार मानसांत तसं न्हाई. लग्न असू दे, भाषन असू दे, मालक शेवटपत्तूर बसत्यात. कार्यक्रम संपल्याबिगर उठत न्हाईत, लोक काय म्हनतील म्हनून. तवा मी म्हनते, तुमच्या त्या कट्ट्यावर त्यांना आनते. तिथं वाचते. तिथं ऐकावंच लागंल."

तिने वही उघडून शेवटची ओळ दाखवली. ती वर्गात वाचली नव्हती. 'त्या दिवशी मालक रडले त्ये मी बघितलं हाय म्हनून सांगते, मी सही करनार न्हाई.'

चाळीस वर्षांत न बोललेलं एक वाक्य बोलायला ह्या बाईला आमचा कट्टा लागत होता. आमचा! जिथे कोणी कुणाचं ऐकत नाही. मला हसू यायला हवं होतं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "आणा त्यांना. मी पुढच्या रांगेत बसते."

रविवारी मी बसलेही. नवोदितांची रांग संयोजकांनी नेहमीप्रमाणे दाराजवळ, माइकच्या बाजूला लावली होती. ती तिथे टोकाला, मांडीवर वही घेऊन. यादीत सगळ्यात शेवटी. मी संयोजकांना आधीच म्हटलं होतं, "त्यांना जरा वर घ्या." ते म्हणाले, "अहो, आपली पद्धत आहे. आज एकीला वर घेतलं की उद्या सगळे मागतील." पद्धत आहे म्हटल्यावर मी गप्प बसले. वाद घालायला मला एरवी वेळच वेळ असतो.

तिच्या नवऱ्याला मी कधी बघितलं नव्हतं. पण हॉलभर नजर फिरवली आणि तिसऱ्या रांगेत ते दिसलेच. पांढरी टोपी, पांढरा सदरा, धोतर, हात गुडघ्यांवर. अगदी खांबासारखे बसले होते. मला हायसं वाटलं. ती म्हणाली होती तसेच आहेत, हलणार नाहीत. तिला विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. विचारायचं काय त्यात? खेड्यातला जमीनवाला, टोपी घातलीय, दिसतंच आहे की.

माझं वाचन पाचवं. विषय काय माहीत आहे? आपलं वाचून पळून जाणारे लोक. दुसऱ्या रविवारचे पाहुणे, दुसऱ्या ओळीला उचललेली पिशवी, सगळं होतं त्यात. हॉल खदखदून हसला. जे पळून जाणार होते तेच सगळ्यात जास्त हसले. टाळ्या पडल्या, मी जागेवर येऊन बसले, अंगात जरा वारं भरलं होतं. पुढचे दोघे ऐकले. तिसऱ्याच्या गझलेला माझा घसा कोरडा पडला. टोपीवाले जागेवर होते, तिचा नंबर यायला अजून पाचसहा जण होते. मी म्हटलं, चहा घेऊन येते दोन मिनिटांत.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी चहाचा थर्मास असतो आणि आमची टोळी असते. मी, माजी मुख्याध्यापिका आणि एक निवृत्त डॉक्टर. आतलं जे ऐकू येईल त्यावर बाहेर बोलायचं, हा आमचा खरा कट्टा. त्या दिवशी रंगलाही छान. दोघांनीही माझ्या लेखाचं कौतुक केलं. दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. आतून एकेक जण बाहेर पडत होता, आम्ही एकेकाला "पाहुणे?" म्हणून विचारत होतो आणि हसत होतो.

त्या गर्दीतच एक गृहस्थ बाहेर आले. टी-शर्ट, जीन्स, सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात दोन मोबाइल. कुणाच्या तरी सोबतीला आलेला, कंटाळलेला माणूस. चपला शोधता शोधता थांबले आणि अगदी अदबीने मला विचारलं, "मॅडम, संपला का प्रोग्रॅम?"

आत कुणाचं तरी नुकतंच वाचून झालं होतं आणि संयोजक पुढचं नाव यादीत शोधत होते, म्हणून सगळं शांत होतं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, "संपलाच म्हणायचा. आता उरलेत ते आपले, यादीत नाव आहे म्हणून."

मुख्याध्यापिकाबाई फिस्सकन हसल्या. ते गृहस्थही हसले, "बरं झालं विचारलं," म्हणाले आणि खाली गेले. एका वाक्यात परत. एकतीस वर्षांची सवय.

तेवढ्यात आतून माइकवर संयोजक म्हणाले, "आता आपल्यासमोर ग्रामीण कविता सादर करतील कोथरूडच्या कट्ट्यावरून आलेले आपले पाहुणे कवी." मी दारातून बघितलं. तिसऱ्या रांगेतले टोपीवाले उठले, धोतर सावरलं, माइकपाशी गेले आणि घसा साफ करून म्हणाले, "टोपी मी फक्त सादरीकरणासाठी घालतो बरं का."

म्हणजे तिचे मालक मघाचे ते सोनेरी चष्मेवाले! चपला न घालता मी जिना उतरले. खाली रस्त्यावर एक मोठी पांढरी गाडी उभी होती, काचा वर, आत एसी आणि मोबाइलवर बातम्या. सोनेरी चष्मा. मी काचेवर टकटक करायला हात वर केला. आणि काय सांगू? तुमच्या मिसेस वाचायच्यात, मघाशी मी थट्टा केली? हात तसाच राहिला. लाज वाटली हो, दुसरं काही नाही. उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी उभी राहून मी स्वतःची लाज सांभाळत बसले आणि ती दोनतीन मिनिटं तिची होती.

तेवढ्यात वरून तिचा आवाज आला. माइकवरून, खाली रस्त्यापर्यंत. ती काच बंद नसती तर गाडीतसुद्धा गेला असता. मी धावत वर गेले. हॉलमध्ये संयोजक, माइकवाला, झोपलेले एक आजोबा आणि टोपी घडी करून पिशवीत ठेवणारे ग्रामीण कवी. ती वहीवर बोट ठेवून वाचत होती. मी पुढच्या रांगेत जाऊन बसले, म्हटल्याप्रमाणे. तिने मान वर केली नाही. घमेली, पाणी, रडणं, सगळं वाचलं, आणि शेवटची ओळही वाचली. सावकाश, नीट, समोरच्या खुर्च्यांना. 'मी सही करनार न्हाई.' संयोजक म्हणाले, "वा वा. उत्तम. आता आभारप्रदर्शन."

ती माझ्याजवळून जायला लागली. मी उठले आणि म्हटलं, "छान झालं हं तुमचं."

मी म्हटलं हे. मी.

नंतर ती दोन महिने कट्ट्याला आली नाही. मीही फोन केला नाही. कधी गुडघा दुखतोय म्हणून, कधी तिला वेळ नसेल म्हणून, कारणांची मला ददात नाही. एका सकाळी तीच दारात उभी. हातात पेढ्यांचा बॉक्स.

"नोंदणी झाली त्या गुरुवारीच," ती म्हणाली. "म्हनलं तुमाला पेढं द्यायचं राहिलं."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. विहीर? "बुजवली. दोन दिवसांत झालं काम. खनाया पाच महिनं लागलं व्हतं." हे तिने असं सांगितलं की जणू कुणा दुसऱ्याची विहीर.

"अहो, पण तुम्ही ते घरी वाचून दाखवायचं होतं. सही करायच्या आधी."

"गेले की मालकांकडं वही घिऊन. तर म्हनले, तुजा कार्यक्रम संपला न्हवं का? तितल्या बाईनंच सांगितलं मला, संपला म्हनून." ती हसली. "लई आवडलं त्यांना त्या बाईचं बोलनं. पावन्यारावळ्यांत सांगत्यात अजून. यादीत नाव हाय म्हनून उरल्यात, म्हनं."

मी तिच्याकडे बघू शकले नाही. बॉक्सकडे बघत म्हटलं, "ती बाई मी होते."

"ठावं हाय," ती म्हणाली. "दार उघडं व्हतं न्हवं. मी तितंच बसले व्हते, दाराशी. ह्यांचा आवाज आला, मागनं तुमचा आला."

म्हणजे तिने ऐकलं होतं. मी बोलले तेही, ते हसले तेही, जिन्यावरून त्यांची पावलं खाली गेली तीही. मग टोपीवाल्यांची अख्खी कविता संपेपर्यंत ती तिथे वही घेऊन बसून होती. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला. "मग उठून आला का नाहीत बाहेर? माझ्या थोबाडीत द्यायची होती! आणि कोणी नाही हे माहीत असून वाचलंत कशाला?"

तिने बॉक्स उघडला, एक पेढा काढून माझ्या हातावर ठेवला.

"यादीत नाव व्हतं न्हवं माझं," ती म्हणाली.